हॉल जिमवाल्याला द्यायचा की नाही याबद्दल

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (‘वाकून’ हा शब्द आज शब्दशः घेऊ नकोस. हल्ली जमिनीवर चिकटपट्ट्या लावून लावून माझी पाठ धरली आहे, त्यामुळे नमस्कार कमरेपर्यंतच पोचला; उरलेला तू मनानं पुरा करून घे.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे नक्की कळव. तुझी लेक परवा विचारत होती आणि मला सांगता आलं नाही, तर माझ्याकडे असं पाहिलंन, की जणू मी स्वतःचं नाव विसरलो. “मामा, चढताना दुखणं वेगळं आणि उतरताना दुखणं वेगळं,” म्हणाली, आणि हातातल्या बिलाच्या मागे जिना काढायला बसली. तुझी झोप सुधारली का? मी ठीक आहे. ठीक म्हणजे तसा ठीकच, पण ते पुढं येईल.

पत्राचं कारण तुला ठाऊकच आहे. फोनवर तू म्हणालीस, हॉल जिमवाल्याला द्यायचा की नाही ते पटकन सांग. ताई, पटकन सांगता येणारा माणूस मी असतो तर आयुष्यात बराच पुढं गेलो असतो. ‘दे’ म्हणायला तोंड उघडलं तर वाटलं हा पोरींवर अन्याय होईल. ‘देऊ नकोस’ म्हणायला गेलो तर वाटलं तुझ्या जागेबद्दल नाही म्हणणारा मी कोण. तेवढ्यात तू “ऐकू येतंय का रे?” असं विचारून फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. भाऊजींनी कापडाचा धंदा बंद केल्यापासून गोदामाचा हॉल रिकामा होता, भाडेकरू मिळेपर्यंत पोरींनी तिथं घरं आखून द्यायचं ऑफिस थाटावं असं ठरलं होतं, आता भाडेकरू मिळाला आहे. इथवर सगळं सरळ आहे. हॉल गेला तर ऑफिस मिटेल आणि दोघी कुठल्यातरी मोठ्या फर्ममध्ये नोकरी धरतील, तेही एका अर्थी बरंच, असं तुझं म्हणणं. तू मला तटस्थपणे पाहून कळवायला सांगितलंस आणि मी तटस्थपणे पाहिलं आहे. (तटस्थ राहण्यात माणूस किती दमतो, याची लोकांना कल्पना नसते.)

आधी दोघींविषयी. आपली लेक आपल्याला माहीत आहे असं तू समजतेस. आपली भाची आपल्याला माहीत आहे असं मीही समजत होतो. कामावरची ती निराळीच आहे. आणि धंद्यातली दुसरी मालकीण म्हणजे तिची कॉलेजातली ती उंच, अबोल मैत्रीण. आठवत असेल तुला, तुझ्याकडे जेवायला आली होती आणि हात धुऊन झाल्यावर तुझ्या ओट्याची उंची मोजून गेली होती. सुतार तुझ्या लेकीला मोठ्या मॅडम म्हणतो आणि त्या उंच मुलीला छोट्या मॅडम, कारण मोठेपणा त्यानं आवाजावरून ठरवला आहे. मोठ्या मॅडम आखतात आणि छोट्या मॅडम खोडतात. ही भांडणाची गोष्ट नाही, ती त्यांची पद्धत आहे. एकीनं भिंत काढावी, दुसरीनं थोडा वेळ तिच्याकडे पाहून म्हणावं, “ही कशाला?” मग पहिलीनं तावातावानं कारणं द्यावीत आणि ती देता देता स्वतःच रबर शोधावं. ऑफिसला नाव काय द्यायचं हेही त्यांनी याच पद्धतीनं ठरवायला घेतलं, त्यामुळे बाहेरचा बोर्ड अजून कोराच आहे. पांढराशुभ्र, त्यावर एक अक्षर नाही. लोकांना वाटतं हीच नवी फॅशन असेल; एका गृहस्थांनी आत येऊन त्याचं कौतुकही केलं.

माझं तिथलं काम काय, असं तू मागे विचारलं होतंस आणि मी ‘ऑफिस सांभाळतो’ म्हणालो होतो. ते पूर्ण खरं नव्हतं. माझी नोकरी होती ते ग्रंथालय बंद झाल्यावर मी तिथं फोन घ्यायला म्हणून गेलो हे खरं, पण फोन फारसे येत नाहीत. माझं खरं पद ‘माणूस’ हे आहे. घराचा आराखडा कागदावर पाहून कुणाला काही कळत नाही असं दोघींचं मत आहे. (हे मला पटतं. मला स्वतःला दार कुठलं आणि खिडकी कुठली हे कधीच कळलेलं नाही, आणि मी पदवीधर आहे.) म्हणून त्या गिऱ्हाइकाचं अख्खं घर, जेवढ्यास तेवढं, हॉलच्या जमिनीवर चिकटपट्टीनं आखतात. भिंती, दारं, ओटा, पलंग, सगळं. मग त्यात माणूस सोडतात. मी उठतो, न्हाणीघरात जातो, अंघोळ करतो (कपडे घालून), ओट्याशी चहा करतो, दमून पलंगावर आडवा होतो, आणि दोघी बाजूला उभ्या राहून “मामानं फ्रीजचं दार उघडलं तर मागचा माणूस अडतो,” वगैरे टिपून घेतात. एकदा पलंगावर मला खरंच झोप लागली. तेव्हा छोट्या मॅडम म्हणाल्या, झोपायची खोली जमली. एवढं अख्खं घर मावेल अशी जमीन भाड्याच्या ऑफिसात कुठं मिळायची? ती फक्त तुझ्या हॉलला आहे. हे मी बाजू घेऊन सांगत नाही, मापाची गोष्ट सांगतो आहे.

आता त्यांचं पहिलं पूर्ण घर कसं झालं ते सांगतो, कारण त्यावरून तुला दोघींचा अंदाज येईल. (मला आला, आणि तेव्हापासून माझी झोप गेली.) एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान. नवा फ्लॅट घेतला होता, आत नुसत्या उघड्या भिंती. यजमानांना जुने रेडिओ दुरुस्त करायचा नाद, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना रेडिओकाका म्हणतो. त्यांचं घर जमिनीवर आखून तयार झालं आणि दोघांना पाहायला बोलावलं. काका आले ते आखलेल्या बाहेरच्या खोलीतून थेट झोपायच्या खोलीत.

“अहो, भिंतीतून काय येताय! दार तिकडं आहे.”

“अगं, पट्टी आहे ती.”

“आज पट्टी आहे. उद्या कपाळ आपटेल तेव्हा मला हाका मारू नका.”

मग काका मुकाट्यानं मागं गेले आणि दारातून आले, येताना पायपुसण्याच्या जागी पायही पुसले. बाई मात्र स्वैपाकघरात गेल्या त्या तिथंच थांबल्या. आखलेल्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, हवेत काहीतरी ढवळलं, मान वर केली, आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, “इथं किती छान वाटतंय गं. असाच ओटा करा. मला बाकी काही बघायचंच नाही.” काकांनी लगेच होकार दिला, पेढ्याला पैसे काढले, (ते आम्ही घेतले नाहीत, घेतले असते तर पेढे मलाच आणावे लागले असते,) आणि दोघं हसत घरी गेली. तुझी लेक नाचायचीच बाकी होती. छोट्या मॅडम मात्र त्या ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या, त्यांनीही मान वर केली, आणि म्हणाल्या, “हा उजेड आपला आहे.”

ताई, घोटाळा ध्यानात आला का? आखलेला ओटा योगायोगानं आपल्या हॉलच्या मोठ्या खिडकीसमोर आला होता. वारा आपला, उजेड आपला, बाहेरचं झाड आपलं. फ्लॅटमध्ये त्या जागी खिडकी आहे, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून आहे. मी म्हटलं, माप बरोबर आहे ना? मग आपली चूक काय? हे म्हटलं आणि माझं मलाच वाईट वाटलं, पण म्हटलं खरं. तुझी लेक खाली बसली, बराच वेळ पट्टीचं टोक नखानं उचकटत राहिली आणि म्हणाली, “मामा, त्या बाई रोज सकाळी त्या भिंतीकडे बघणार आणि आपली आठवण काढणार. कशी काढतील सांग.”

झालं, दोघांना पुन्हा बोलावलं. या वेळी खिडकीपुढं प्लायवूडचा मोठा तक्ता उभा केला, म्हणजे उजेड नेमका खऱ्या फ्लॅटइतकाच यावा. तक्ता पडू नये म्हणून मागून कुणीतरी धरायला हवा होता, तो मी धरला. थोडक्यात, मी अंधार धरून उभा होतो. (वजन पुष्कळ असतं.) मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. तुझ्या लेकीनं सगळं सांगितलं, आमचं चुकलं असंही सांगितलं. मग बाई म्हणाल्या, “असाच होता हो आमचा आधीचा ओटा. वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून स्वैपाक केला. मला वाटलं, आता तरी...” आणि थांबल्या. तक्त्यामागे मी काय करत होतो हे लिहीत नाही. मग काकांचा आवाज आला, त्यांच्या रेडिओंसाठी आखलेल्या खोलीतून. फ्लॅटमधली खरी चांगली खिडकी त्या खोलीला आहे.

“ओटा इकडं घ्या. रेडिओ काय, अंधारातही ऐकू येतात.”

“आणि तुमची आरामखुर्ची?”

“ती ओट्याजवळ ठेव. तुझी बडबड ऐकत बसेन. तेवढा वेळ रेडिओ बंद.”

“बडबड म्हणे! आणि तुमच्या त्या खरखरीला काय म्हणायचं?”

मग सगळे हसले आणि मला तक्ता खाली ठेवायची परवानगी मिळाली. स्वैपाकघर हलवायचं म्हणजे पाण्याचे नळ हलवायचे, त्यावरून नळवाल्यानं दोघींना जे ऐकवलं ते निम्मं मला कळलं नाही आणि निम्मं लिहिण्यासारखं नाही. दोघींनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी त्यांना हवं तेच त्याच्याकडून करून घेतलं. बाई आता तिथं राहायला गेल्या आहेत. त्यांनी कळवलं आहे की सकाळी चहा करताना समोर आकाश दिसतं. त्यांनी आपल्या बहिणीचं कामही यांनाच दिलं. हे सगळं मी दोघींची वाहवा म्हणून सांगत नाही. नळवाल्याचं बोलणंही सांगितलं आहेच की.

आता जिमवाला. तू पाठवल्याप्रमाणे तो हॉल पाहायला आला. मी त्याचं मन मोडेल असं काही बोलायचं नाही आणि त्याला फूस लावेल असंही काही बोलायचं नाही, असं ठरवून बसलो होतो. त्याला पाहिलंस तर थक्क होशील. खांदे असे की दारातून थोडा तिरका होऊन आत येतो, आणि आवाज मात्र शाळेतल्या शहाण्या मुलासारखा. जमिनीवर तेव्हा बाईंच्या बहिणीचं घर आखलेलं होतं. एवढा दांडगा माणूस, पण एकाही पट्टीवर पाय न देता आखलेल्या दारातून आत आला आणि हळूच विचारलं, “चपला काढू का?” मला तिथंच तो आवडला, आणि त्याचंच वाईट वाटलं. म्हणाला, जागा ठीक वाटते, पण माझी यंत्रं, आरसे, वजनं, सगळं बसेल की नाही हेच कळत नाही, कागदावर काढतो आणि रात्रभर खोडतो.

हे ऐकून दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ताई, ती नजर मी ओळखतो. “थांबा,” तुझी लेक म्हणाली, “आखूनच बघू या की!” आणि बहिणीचं घर भराभर उचकटायला घेतलं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, हा माणूस कशासाठी आला आहे ठाऊक आहे ना? तर म्हणाली, “हो रे मामा, पण त्याला झोप येत नाहीये.”

सबंध दुपार आखणी चालली. जिमवाला प्रत्येक आखलेल्या यंत्रावर बसून, हात-पाय हवेत चालवून पाहत होता. मी कपडे बदलायच्या खोलीत रांगेत उभा होतो. आणि ताई, ते बसेना! कितीही फिरवलं तरी आरशापुढची जागा कमी पडे. शेवटी तो बिचारा उठला, घाम पुसला, म्हणाला, “जागा लहान पडते आहे. ताईंना तसं सांगतो. तुम्ही फार मेहनत घेतलीत.” आणि निघाला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. (ते उतरलं म्हणून मी स्वतःला टोचलंही. पण उतरलं.) तो दारापाशी पोचला असेल नसेल, आणि छोट्या मॅडम, ज्या सबंध दुपारभर एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, “एक मिनिट. आरसे या भिंतीला घेतले तर?”

मी खोकलो. मोठ्यानं खोकलो. त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि पट्टी उचलली. मी डोळ्यांनी खुणा केल्या, तर तुझी लेक म्हणाली, मामाच्या डोळ्यांत काहीतरी गेलंय, मामा, चोळू नकोस. आणि आरसे त्या भिंतीला गेले, वजनं कोपऱ्यात गेली, आणि सगळं बसलं. नुसतं बसलं नाही, शोभून बसलं. जणू हॉल त्याच्यासाठीच बांधला होता. जिमवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल. “ताईंना सांगा, मी घेतोच,” म्हणाला आणि जाताना पुन्हा दारातूनच गेला.

तो गेल्यावर मी म्हटलं, “अगं, आणि आता तुम्ही बसणार कुठं?”

तुझी लेक म्हणाली, “अरे, हो की.” मग जमिनीवरच्या पट्ट्यांकडे वळली आणि म्हणाली, “पण मामा, जमलंय किती सुंदर, बघ ना!”

अशा या तुझ्या दोन व्यावसायिक मालकिणी. दोघी चहाला बाहेर गेल्या तेव्हा मी हॉलमध्ये एकटा होतो. माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. आरशाची पट्टी मी वीतभर आत सरकवली. म्हटलं, जिमवाला उद्या पुन्हा पाहील, त्याला जागा लहान वाटेल, काम झालं. मग मन खायला लागलं, म्हणून ती परत जागेवर लावली, पण ती वाकडी लागली. छोट्या मॅडम परत आल्या, पट्टीकडे पाहिलं, खाली बसून ती सरळ केली, आणि उठताना हळूच म्हणाल्या, “मामा, तुमच्या हाताला गोंद लागलाय. तेल देऊ?” मी तेल घेतलं. आणखी काय करणार?

तर अशी सगळी परिस्थिती आहे. जिमवाला भला माणूस आहे, भाडं वेळेवर देईल, जागा नीट ठेवेल. पोरी हुशार आहेत, त्यांना नोकरी कुठंही मिळेल. तिथं त्या दुसऱ्याच्या भिंती आखतील आणि ‘ही कशाला?’ असं कुणी विचारणार नाही, पण पगार मिळेल. दोन्ही बाजू जशा आहेत तशा मांडल्या आहेत. निर्णय सर्वस्वी तुझा आहे आणि तो कोणताही असला तरी मला मान्य आहे. भाऊजींना नमस्कार. गुडघा जपायला सांग.

तुझा धाकटा,
(आखलेल्या घरातला) माणूस

ता. क. वरचं सगळं लिहून झाल्यावर जिमचा पक्का आराखडा पाहिला. दाराजवळ एक छोटं टेबल काढलं आहे, शेजारी खुर्ची, आणि खुर्चीच्या डाव्या हाताला खिडकी. मी विचारलं, हे कुणाचं? तुझी लेक म्हणाली, “तुझं. त्याला फोन घ्यायला, नोंदी ठेवायला कुणीतरी लागणारच, मी त्याला विचारून ठेवलंय. आम्ही कुठंही बघू रे, पण तुझी बसायची जागा जायला नको. खिडकी डावीकडे दिली आहे, लिहिताना हाताची सावली पडायची नाही.” ताई, स्वतःला बसायला तसूभर जागा त्यांनी त्या कागदावर ठेवलेली नाही. तटस्थपणा वगैरे जे वर लिहिलं ते खोडायला हवं, पण पानं भरली आहेत, तेव्हा तूच खोड. हॉल देऊ नकोस. त्याला कारण काय सांगायचं ते तू बघ. पावसाळ्यात ओल येते म्हण, भाऊजींनी विचार बदलला म्हण. तुला असलं सांगता येतं. मला खोटं बोलता येत नाही हे तू जाणतेसच.

आणखी एक. पत्र पेटीत टाकायला निघालो तर दारातच जिमवाला भेटला. “मामा, ताईंचं काय ठरलं?” मी तोंड उघडलं, आणि काय बोलायचं हे ठरायच्या आतच बोलून गेलो, “नाही म्हणाल्या.” त्याचा चेहरा एवढासा झाला. मग म्हणाला, बघतो दुसरी जागा, पण मांडणी याच दोघींकडून करून घेणार, त्यांना सांगा मन लहान करू नका. मी त्याला चहा पाजला आणि परत येऊन पाकीट फोडून हे लिहितो आहे. तेव्हा ताई, या घटकेला मी खोटं बोललेला माणूस आहे. त्याचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. दुपारी फोन कर, सकाळी तो व्यायामात असतो. एकदा तू त्याला ‘नाही’ म्हणालीस, की मी मागच्या तारखेपासून खरा ठरेन.